मिलियाकेरे आणि जास्वंदीचं पाणी

मिलियाकेरेला प्रत्येक गोष्ट उघडून बघायची खोड. बापानं मारून आणलेला मासा आईच्या हाती लागायच्या आत हिनं फाडलेला असायचा, आणि चुलीपाशी कोणी नसलं की आतडी किती वीत भरतात ते मोजत बसायची. एकदा तर चर्चचा रेडिओ उघडला. तो परत कधी बोलला नाही, आणि पुढचे तीन रविवार पाद्रीबुवा हिच्याकडे बघून चोरीवर बोलत राहिले. पण बाईची जित्याची खोड. पन्नाशी उलटली, चार पोरं झाली, नवरा देवाघरी गेला, तरी हिची चौकस नजर काही निवली नाही.

आमच्या बेटावरच्या वुनीमोली गावात डॉक्टर नाही. खाडी ओलांडून बोटीनं दोन तास गेलं की दवाखान्याचं ठाणं, तिथे सिस्टर सालासेइनी. गावाला एक आरोग्यसेविका लागते म्हटल्यावर सगळ्यांनी मिलियाकेरेचं नाव पुढे केलं. उगाच खोटं कशाला बोलायचं, नकोसं काम होतं ते. रात्री-अपरात्री उठायचं, पोरांच्या जखमा धुवायच्या, वर लोकांच्या शिव्या. पण मिलियाकेरे दोन आठवड्यांच्या शिक्षणाला अशी गेली की जणू लग्नाला निघालीय.

तिथे सिस्टरनं फळ्यावर बाईच्या अंगाचं चित्र काढलं. बाकीच्या गावांतून आलेल्या बाया खाली बघत चटईच्या काड्या मोडत बसल्या. मिलियाकेरे उठून फळ्यापाशी गेली.

"हे दार कुठलं?"

"लघवीचं."

"आणि हे?"

"योनीचं. बाळ येतं ते. शौचाचं त्याच्या मागे, वेगळं."

"म्हणजे तीन? लघवी आणि बाळ एकाच वाटेनं नाही?"

"नाही हो."

मिलियाकेरे मटकन खाली बसली. चार पोरं जन्माला घातली आणि आपल्याच घराला दारं किती ते ठाऊक नाही. तिला लाज नाही वाटली, चीड आली. एवढी वर्षं कोणी सांगितलं का नाही, याची चीड.

घरी आल्यावर तिनं नवऱ्याचा दाढीचा आरसा घेतला, न्हाणीचं दार लावलं आणि स्वतःला नीट पाहिलं. नवरा तेव्हा जिवंत होता. अर्धी दाढी साबणात घेऊन घरभर आरसा शोधत फिरत होता बिचारा. तिनं स्वच्छ हात धुऊन बोटानं तपासलं. वाट साधारण बोटाएवढी, वळ्यावळ्यांची, आणि टोकाला काहीतरी गोल, टणक, नाकाच्या शेंड्यासारखं. ते गर्भपिशवीचं तोंड. म्हणजे आतली वाट कुठे पोटात हरवत नाही, टोकाला बंद असते. गावातल्या निम्म्या बायांना वाटायचं की आत काही गेलं तर ते काळजापर्यंत चढतं. मिलियाकेरेलाही वाटायचं, आरसा हातात घेईपर्यंत.

मग तिला पीएचच्या कागदाच्या पट्ट्या मिळाल्या. सिस्टरनं दहा पट्ट्या दिल्या होत्या, कामासाठी. आंबट असेल तर एक रंग, साबणासारखं बुळबुळीत असेल तर दुसरा. मिलियाकेरेनं दोन दिवसांत दहाच्या दहा संपवल्या. नारळाचं पाणी, लिंबाच्या पानांचा चहा, समुद्र, कोंबडीचं अंडं, आणि शेवटची स्वतःसाठी. बोटीनं पुढच्या महिन्यात सिस्टर आली तेव्हा ही दारातच उभी.

"सिस्टर, आपलं आतलं आंबट आहे."

"आहेच. पण पट्ट्या कुठायत?"

"संपल्या. पण आंबट का आहे?"

सिस्टर आधी चिडली, मग हसली, मग पायरीवर बसली. आतमध्ये बारीक जिवाणू राहतात, ते आंबटपणा तयार करतात, आणि त्या आंबटपणामुळे वाईट जंतूंना तिथे थारा मिळत नाही, असं तिनं सांगितलं. योनी आपली आपणच साफ होते. थोडा पांढरा, पातळ पाझर येतो तो त्याच सफाईचा. महिन्याच्या दिवसांप्रमाणे कधी घट्ट, कधी चिकट. त्याला ना औषध लागतं ना साबण. बाहेरून नुसत्या पाण्यानं धुतलं की झालं. मासळीसारखा वास आला, करडा पाझर आला, किंवा खाज सुटून दह्यासारखं जायला लागलं, तर मात्र दवाखाना.

"खड्ड्यातल्या भाकरीसारखंच की," मिलियाकेरे म्हणाली.

तिची आजी नीरफणस पानांत गुंडाळून खड्ड्यात पुरायची. महिनोन्‌महिने तो गर तिथे आंबत राहायचा, वादळानंतर सगळं गाव त्या खड्ड्यातल्या भाकरीवर जगायचं. आंबट असतो तोवर कुजत नाही. एका वर्षी कोणा शहाणीनं खड्ड्यावर कपडे धुतले, साबणाचं पाणी आत झिरपलं, आणि आठ दिवसांत सगळा गर नासला. आजीनं त्या बाईशी मरेपर्यंत अबोला धरला.

"अगदी तसंच," सिस्टर म्हणाली. "आणि आता पट्ट्या मागू नका. लाल जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात घाला. आंबट पडलं की पाणी लालबुंद, साबण पडला की हिरवं. शाळेत पोरांना हेच दाखवतात."

त्या दिवसापासून वुनीमोलीतल्या कुंपणांवर लाल जास्वंद टिकेना.

इथवर सगळी गंमत होती. पुढे गंमत राहिली नाही.

मिलियाकेरेचा धाकटा ओसेआ, त्याची बायको तोरिका. पोरगी गुणी, चटई अशी घट्ट विणते की पाणी ठरेल. गेल्या वर्षी तिला सहाव्या महिन्यात कळा सुरू झाल्या. ठाण्यावर नेलं, पण मूल एक रात्रही राहिलं नाही. सिस्टर म्हणाली होती, योनीमार्गात जंतू वाढले होते; त्यानं कधीकधी असं अवेळी होतं. आता तोरिकाला परत पाचवा महिना लागला होता. आणि मिलियाकेरेच्या लक्षात आलं की कपड्यांच्या साबणाची लांब वडी आठवड्यात संपतेय. न्हाणीतून जंतुनाशकाचा वास येतोय. सून दिवसातून तीनतीनदा न्हाणीत जाते आणि विणायला बसली की सगळ्यांपासून हातभर लांब बसते. ती शेजारून गेली की जंतुनाशकाच्या वासाखालून दुसरा वास येतो. मासळीचा.

कळलं तर सगळं. पण बोलणार कसं? आमच्याकडे सासू-सुनेनं एकमेकींशी थेट बोलायचं नाही. मान राखायचा. जेवायला वाढलंय, पाऊस येतोय, एवढं चालतं, तेही भिंतीकडे बघून. अंगाबद्दल, त्यातून तिथल्याबद्दल, तोंडातून शब्द काढला तर सासू सासू राहत नाही आणि सुनेला पळून माहेरी जावं लागतं. मुलाशी असलं बोलणं तर त्याहून वाईट. सिस्टर यायला अजून तीन आठवडे होते. गावभर जखमा धुणारी बाई स्वतःच्या घरात मुकी झाली.

आमच्याकडे तोंडाला पूर्ण मोकळीक असलेलं नातं एकच, दाऊवे. नणंद-भावजयीचं म्हणा. दाऊवेला काहीही बोलावं, कितीही चावट, कोणाच्याही देखत. रागवायचा तिला हक्क नाही आणि ऐकणाऱ्यालाही नाही. मिलियाकेरेची दाऊवे म्हणजे केलेरा, तिच्या भावाची बायको. ती बोलायला लागली की तान्ही पोरंसुद्धा दूध सोडून ऐकतात.

"केलेरा, बुधवारी विणायला बसू तेव्हा मला छेड," मिलियाकेरे म्हणाली. "तिथल्याबद्दल. मी उत्तर देईन. तोरिका ऐकेल."

"लेकी बोले सुने लागे," केलेरा म्हणाली. "त्यात काय अवघड? तुझ्या तिथल्याबद्दल मी झोपेतही बोलेन."

बुधवारी सभाघरात वीसेक बाया पाय पसरून केवड्याच्या पात्या विणत बसल्या होत्या. मिलियाकेरेनं जास्वंदीच्या पाण्याचे तीन पेले मधोमध ठेवले. तोरिका कोपऱ्यात, मान खाली.

"काय गं, आज सरबत?" केलेरानं सुरुवात केली. "की नवरा गेल्यापासून तिथे फुलं वाहतेस?"

"तुझ्यासाठी आणलंय. तुझ्या अंगाला साबणाचा वास येतो. भाऊ तक्रार करत होता."

"तुझ्या भावाला नाक कुठेय? घोरून घोरून झिजलं."

हसून हसून बायांच्या पात्या सुटल्या. मिलियाकेरेनं एका पेल्यात साबणाचा फेस टाकला. पाणी शेवाळासारखं हिरवं झालं. बाया पुढे सरकल्या. दुसऱ्यात तिनं लिंबू पिळलं, कारण दाराशीच लिंबाचं झाड, हात लांबवला की मिळतं. पाणी लालभडक झालं.

"आपलं आतलं कुठल्या बाजूचं सांगा बरं? हिरव्या की लाल?"

"तुझं हिरवंच असणार," केलेरा म्हणाली. "गंज चढलाय."

"लाल. आंबट. सगळ्या बायांचं. खड्ड्यातल्या भाकरीसारखं आतलं आंबण असतं, तेच आपल्याला राखतं. साबण घातलात की ते मरतं आणि नासायला सुरुवात होते. मग वास. मग अजून साबण. मग अजून वास."

"म्हणजे आमच्यात भाकरी पुरलीय म्हणायची? तरीच माझा नवरा सारखा भुकेला." पुन्हा हशा. "मग करायचं काय गं, लिंबू लावायचं?"

"तुझ्यासारखीला दोन लागतील," मिलियाकेरे म्हणाली आणि हसली.

तिसरा पेला तसाच राहिला. त्यात ती खड्ड्यातल्या आंबणाचं पाणी घालणार होती, हलकं गुलाबी होतं ते दाखवायला. पण हसण्याच्या भरात राहून गेलं. कोपऱ्यात तोरिकाची मान थोडी वर झालेली तिनं पाहिली, आणि तेवढ्यानंच तिचं काळीज सुपाएवढं झालं. पोचलं म्हणायचं.

पोचलं होतं खरं, पण काय पोचलं?

शनिवारी सकाळी पहिली बाई मलम मागायला आली. कशाला, सांगेना. पाय फाकवून चालत होती. दुपारी दुसरी आली, तिच्या मागोमाग तिसरी. तिसरीला मिलियाकेरेनं दारात अडवलं.

"काय केलंस?"

"तूच सांगितलंस ना. लिंबू."

"मी कधी सांगितलं?"

"सभाघरात. केलेराला दोन, बाकीच्यांना एक."

मिलियाकेरेला आधी हसू आलं, मग ते ओठांवरच थिजलं. दाऊवेनं दाऊवेला केलेली चेष्टा, पण बोलणारी गावची आरोग्यसेविका. बायांना यातली चेष्टा कुठली आणि औषध कुठलं, कसं कळावं? आंबट चांगलं म्हटल्यावर जास्त आंबट जास्त चांगलं, हा हिशोब कोणीही करील. मीठ घातल्यानं कालवणाला चव येते म्हणून कोणी मिठात लोळत नाही, हे तिनं सांगायला हवं होतं. नुसतं पाणी, आणि तेही बाहेरून, एवढं एकच वाक्य सांगायला हवं होतं. ज्या बाईला सांगायचं तिच्याकडे न बघता सांगितलं की असंच होतं.

आणि मग तिला सून आठवली.

ती न्हाणीमागे धावली. कुंपणाशी पिळलेल्या लिंबांच्या अर्धुकांचा ढीग पडला होता. दहा-बारा तरी असतील. आतून तोरिकाचा आवाज येत होता, दातांत कापड धरून कण्हल्यासारखा.

क्षणभर मिलियाकेरे दाराबाहेर उभी राहिली. रीत सांगत होती, मागे फिर, केलेराला हाक मार. तिनं दार ढकललं.

तोरिका दगडावर बसली होती, नेसूचं कापड पोटावर घट्ट ओढून. सासूला बघून तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

"तोरिका, माझ्याकडे बघ." सुनेचं नाव तिनं तिच्या तोंडावर घेतलं ते लग्नानंतर पहिल्यांदाच. "आत लिंबू घातलंस?"

पोरीनं मान हलवली.

"आणि त्याआधी साबण. आणि जंतुनाशक. वर्षभर."

परत मान हलली.

"का गं पोरी? कोणी सांगितलं तुला हे?"

तोरिकानं पोटावरचं कापड सारखं केलं. मग भिंतीकडेच बघत म्हणाली, "आत्याबाई, तुम्हीच म्हणाला होता."

"मी?"

"बाळ गेलं त्या दिवशी. ठाण्यावर. सिस्टर तुम्हाला सांगत होती, जंतू होते म्हणून. पडद्यापलीकडे. तुम्ही म्हणालात, 'आत घाण साठली असेल पोरीच्या.' मी जागी होते."

मिलियाकेरेला ते आठवतही नव्हतं. कधीतरी, दमल्या तोंडानं, कोणाला तरी उत्तर द्यायचं म्हणून टाकलेलं एक वाक्य. आणि ही पोरगी त्या एका वाक्यासाठी वर्षभर दिवसातून तीनदा स्वतःला घासत होती. पहिलं मूल आपल्या घाणीनं गेलं आणि दुसरं तरी जाऊ नये म्हणून. विचारायची सोय नव्हती, कारण जिनं ते म्हटलं तिच्याशी बोलायचंच नव्हतं.

आमच्याकडे मोठ्या माणसाकडून चूक झाली तर तो खाली बसतो आणि तळवे खोलगट करून टाळ्या वाजवतो. पुरुष एकमेकांसमोर करतात, सरदारांसमोर करतात. सासूनं सुनेसमोर केलेलं मी तरी ऐकलं नाही. मिलियाकेरे ओल्या फरशीवर बसली, सुनेच्या पायांहून खाली, आणि तिनं तीन टाळ्या वाजवल्या.

"घाण नव्हती," ती म्हणाली. "तुझ्यात कधीच नव्हती. मी मूर्खासारखं बोलले. जंतू कुणालाही होतात, मलाही झाले असते. तू धुतलंस म्हणून ते गेले नाहीत, धुतलंस म्हणून वाढले. तुझ्या आत जे राखण करत होतं, ते माझ्या एका वाक्यानं मारलं. चूक तुझी नाही, माझी आहे."

तोरिका रडली. चांगली मोकळी रडली. मिलियाकेरेही रडली आणि तिला त्याची लाज वाटली नाही. मग तिनं साध्या पाण्याचा तांब्या भरून दिला, लिंबाचा रस धुऊन काढायला, फक्त बाहेरून, आणि ओसेआला बोट काढायला सांगितली. कशासाठी, ते सांगितलं नाही.

दोन तासांच्या वाटेत इंजिनाचा असा आवाज की मागे बसलेल्याला पुढचं काही ऐकू येत नाही. खाडीच्या मध्यावर आल्यावर तोरिका सासूच्या कानाशी वाकली.

"आत्याबाई, ते आत असतं तरी कसं?"

मिलियाकेरेनं तिचा तळहात हातात घेतला आणि त्यावर बोटानं काढून दाखवायला लागली. हे लघवीचं दार. हे बाळाचं. हे मागचं. ही वाट, बोटाएवढी. हे टोकाला नाकाच्या शेंड्यासारखं, तुझं बाळ त्याच्या पलीकडे आहे. हे घट्ट मिटलेलं आहे तोवर ते सुखरूप. तोरिकानं विचारलं, मग पांढरं जातं ते काय? लग्नाच्या आधीही जायचं, ते काय? वास कधी बरा, कधी वाईट? पुरुषाच्या नंतर बदलतो तो का? सासू एकेकाचं उत्तर देत होती, जे येत नाही त्याला "सिस्टरला विचारू" म्हणत होती. मागे ओसेआ आई आणि बायको डोक्याला डोकं लावून बोलताना बघून इतका चक्रावला की बोट प्रवाळाला घासता घासता वाचली.

सिस्टरनं तपासलं. जंतू होते, आग झाली होती, पण गर्भपिशवीचं तोंड मिटलेलं होतं. सात दिवसांच्या गोळ्या दिल्या, साबण बंद, लिंबू बंद. मिलियाकेरेला तिनं बाजूला घेऊन चांगलं झापलं. मिलियाकेरेनं ऐकून घेतलं. पुढच्या बुधवारी तिनं सभाघरात तिसरा पेला ठेवला, गुलाबी पाण्याचा, आणि चेष्टेचा एक शब्द न काढता सगळ्यांच्या डोळ्यांत बघून सरळ सांगितलं. केलेरा दोनदा तोंड उघडायला गेली, दोनदा मिटून बसली. तिच्या आयुष्यात हे पहिल्यांदाच घडलं असावं.

तोरिकाला पूर्ण दिवस भरून कळा आल्या. ठाण्यावर ती पडद्याच्या आत, मिलियाकेरे बाहेर बाकड्यावर. सासूनं आत जायचं नाही ही रीतच. ती दाराकडे न बघता बसली होती, हात मांडीवर, ओठ हलत होते, प्रार्थना होती की मोजणी कोण जाणे. आत तोरिकाचा एक मोठा श्वास ऐकू आला, आणि मग तिचा आवाज, स्पष्ट, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असा.

"सिस्टर, पडदा सारा. आत्याबाईंना आत घ्या. त्यांना बघायचं असेल."